ज्याचे कुलूप, त्यानेच उघडायचे

बुधवारी सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी पुठ्ठ्याच्या कारखान्यातली लगद्याची टाकी सुरू झाली. टाकीत एक फिटर उतरलेला होता. मोटर नऊ सेकंद चालली आणि भार वाढल्यामुळे आपोआप बंद पडली. दहा वाजून त्रेपन्न मिनिटांनी कोणीतरी पहिल्यांदा टाकीत डोकावून पाहिले.

हा क्रम लक्षात ठेवा, मित्रांनो. आधी बटण दाबले, मग डोकावले.

मी एक जुने लाल कुलूप आहे. माझ्या पोटावर सतरा हा आकडा कोरलेला आहे. सध्या मी न्यायालयाच्या एका खोलीत, लाखेने बंद केलेल्या पाकिटात पडून आहे. त्या बुधवारी मी कुठे होते, एवढ्या एका प्रश्नावर दीड वर्षे तारखा पडत आहेत. मला बोलता आले असते, तर एका वाक्यात निकाल लागला असता. बोलता येत नाही, म्हणून सगळी हकिगत सांगावी लागते.

माझे अंग पितळेचे, कडी पोलादाची. पोटात सहा बारीक खिट्ट्या आहेत. किल्लीचे दात त्यांना नेमके भेटले की कडी सुटते. माझा लाल रंग चोराला भिववण्यासाठी दिलेला नाही. घराच्या कुलपामागे तिजोरी असते, कपाट असते. माझ्यामागे माणूस असतो.

काम सोपे आहे. यंत्रात उतरण्यापूर्वी कामगार विजेचा मुख्य खटका खाली ओढतो. खटक्याच्या भोकात माझी कडी अडकवतो, मला बंद करतो आणि किल्ली आपल्या खिशात टाकतो. मग तो आत असेपर्यंत कोणीही, अगदी मालकसुद्धा, ते यंत्र सुरू करू शकत नाही. माझी एक खोड आहे, ती आत्ताच सांगून ठेवते. मी उघडे असताना किल्ली माझ्यातून निघत नाही. मला बंद केले, तरच ती सुटते. उघडे कुलूप कोणी लटकत ठेवून जाऊ नये, म्हणून आम्हाला असेच घडवलेले असते.

आम्ही तीस कुलपे एका खोक्यातून कारखान्यात आलो. खोक्यावर छापले होते : एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली. त्या दिवशी सभा झाली, फोटो निघाले. सतरा नंबर फिटरच्या वाट्याला आला. त्याने मला तळहातावर तोलून पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, "बायकोनंतर आपल्याला अडवून धरणारं हेच एक."

त्या कारखान्यात जुना कागद येतो. वापरलेल्या वह्या, बिले, खोकी, वर्तमानपत्रे. टाकीत पाणी सोडून तो घुसळतात. टाकीच्या तळाशी पाती फिरतात. गठ्ठे बांधायची तार कधीकधी कागदाबरोबर आत जाते आणि पात्यांना गुंडाळली जाते. मग कोणीतरी शिडीने खाली उतरून ती कापावी लागते. आठवड्यातून दोनदा ते काम निघायचे आणि आठवड्यातून दोनदा मी खटक्याला लागायचे. अकरा वर्षांत फिटर मला विसरून कधी घरी गेला नाही. काम संपले की मला उघडायचा आणि पेटीत ठेवायचा, उघडेच, किल्ली तोंडात असलेले. त्याची किल्ली एरवी माझ्यातच असे. ती त्याच्या खिशात असेल, तर तो यंत्राच्या आत आहे, असा सरळ अर्थ होता.

कागदाच्या खुणेच्या चिठ्ठ्या त्या ओलीत टिकत नसत. त्याची बायको घरी शिवणकाम करते, पिशव्या आणि गणवेश. तिने ताडपत्रीच्या तुकड्यांच्या चिठ्ठ्या कापल्या, कडा दुमडून शिवल्या, कोपऱ्याला भोक पाडून त्यात पितळी डोळा ठोकला. तो डोळा माझ्या कडीत बसायचा. चिठ्ठीवर लिहिलेले असे, 'आत माणूस आहे', आणि खाली पेन्सिलने वेळ.

आता दुसऱ्या किल्लीबद्दल.

आम्हाला येऊन वर्ष झाले असेल. एक वेल्डर आपले कुलूप लावलेले विसरून घरी गेला. टाकी चार तास बंद राहिली. पाळीप्रमुखाला वरून बोलणी बसली. हा पाळीप्रमुख दर दहा मिनिटांनी "झालं का?" असे विचारत फिरायचा, म्हणून त्याच्या माघारी सगळे त्याला 'झालं-का' म्हणत. त्याने 'किल्ल्यांवर नंबर कोरायचे आहेत' असे सांगून एका दुपारी तीसही किल्ल्या गोळा केल्या. संध्याकाळी त्या परत मिळाल्या. नंबर कोरलेले होते, हे खरे. पण बाजाराच्या तोंडाशी बसणाऱ्या किल्लीवाल्याकडून प्रत्येकीची जोडीदारीणही करून आणली होती. त्या तीस किल्ल्या झालं-काच्या टेबलाच्या खणात गेल्या.

ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती. लिहिलेली कुठेच नव्हती.

फिटर एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "साहेब, दुसरी किल्ली असेल तर हे कुलूप नाही, दागिना आहे."

झालं-का हसला. "अरे, ती अडीअडचणीला. तुझ्यावर विश्वास आहे रे माझा."

"माझा माझ्यावर आहेच, साहेब. प्रश्न खणाचा आहे."

सगळे हसले. हसण्यावारी गेलेली गोष्ट कोणी लिहून ठेवत नाही. पुढे कोणी कुलूप विसरून चहाला गेला, जेवायला गेला, की खण उघडायचा. लटकलेले लाल कुलूप दिसले की 'आत माणूस आहे' असे न वाटता 'विसरला वाटतं' असे वाटू लागले. त्याच वर्षी कारखान्याला सुरक्षिततेची ढाल मिळाली. ती दरवाजाजवळ काचेच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली एकच आहे.

त्या बुधवारी फिटर दहा चाळीसला खाली उतरला. मी खटक्याला होते, बंद. चिठ्ठी माझ्या कडीत होती. किल्ली त्याच्या खिशात होती. खटक्याची खोली खालच्या मजल्यावर आहे आणि टाकीचे तोंड वर. मधे लोखंडी जिना आहे, अठरा पायऱ्यांचा. बाहेर दोन ट्रक मालासाठी उभे होते. झालं-काने खटक्याच्या खोलीतूनच वर तोंड करून तीनदा हाक मारली. पंपाच्या आवाजात त्याला स्वतःलाही ती धड ऐकू आली नसेल. मग तो माझ्याकडे पाहत पुटपुटला, "गेला वाटतं चहाला."

त्याने खण उघडला.

मित्रांनो, इथे मला माझ्याबद्दलही बोलले पाहिजे. किल्ली कोणाच्या हातात आहे हे कुलपाला कळत नाही. दात जुळले, मी उघडले. ती किल्ली खरखरीत होती, घाईत कापलेली. ती माझ्या खिट्ट्या खरवडत आत गेली. तरी मी उघडले. अकरा वर्षे जे एकच काम केले, ते मी त्या एका क्षणात केले नाही. चूक सगळ्यांची असते तेव्हा कोणाचीच नसते, असे म्हणायची पद्धत आहे. मी तसे म्हणणार नाही. माझ्या वाट्याची मी मान्य करते. बाकीच्यांनी आपापली करावी.

नऊ सेकंद गेले. आरडाओरड झाली. सगळे जिन्याने वर धावले. झालं-का एकटा खाली राहिला. त्याच्या मुठीत मी होते आणि माझ्यात ती दुसरी किल्ली. ती निघेना. मघाशी सांगितलेली माझी खोड आठवा. किल्ली काढायची, तर त्याला मला बंद करावेच लागले. त्याने मला बंद केले, किल्ली खिशात घातली. मग त्याला चिठ्ठी दिसली, दहा चाळीसची. ती त्याने हिसडून फाडली. शिवण घट्ट होती. चिठ्ठी गेली, पण पितळी डोळा आणि त्याच्याभोवतीचा ताडपत्रीचा बोटाएवढा कोपरा माझ्या कडीत राहिला. त्याने मला फिटरच्या पेटीत, पान्यांच्या खाली सारले.  त्या गोंधळातही त्याचे डोके व्यवस्थित चालत होते.

तिसऱ्या दिवशी कंपनीची चौकशी पूर्ण झाली. निष्कर्ष असा : कामगाराने कुलूप न लावता टाकीत प्रवेश केला. चार जणांचे जबाब होते आणि चारही जबाबांत हेच वाक्य होते, शब्दाला शब्द. दुसऱ्या किल्ल्यांबद्दल लिहिले होते की, अशा किल्ल्या कधीच अस्तित्वात नव्हत्या.

नवव्या दिवशी कंपनीच्या गाडीतून पेटी घरी आली. सोबत भांडारवाल्याने केलेली यादी होती. हा भांडारवाला खिळासुद्धा मोजून देणारा माणूस. त्याला कोणी काही सांगितले नसावे. त्याने जे दिसले ते लिहिले : 'पाने सात. पक्कड दोन. कुलूप, लाल, नंबर सतरा, बंद स्थितीत, एक.' खाली तारीख, सही आणि शिक्का.

घर दोन खोल्यांचे आहे. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र आणि पलंग, आत स्वयंपाक. माणसे तीन उरली होती : फिटरची बायको, त्याची आई आणि सातवीत शिकणारी लेक. लेकीने पेटी उघडली आणि मला बाहेर काढले. इस्पितळातून मिळालेल्या बाबांच्या वस्तूंच्या पिशवीत माझी किल्ली होती. तीही तिने आणली. ती मला लावणार, इतक्यात शिवणयंत्रावरून आई ओरडली.

"थांब! लावू नकोस."

"बाबांचं आहे, आई. उघडून बघते फक्त."

"म्हणूनच नको. बाबा काय म्हणायचे? ज्याचं कुलूप, त्यानंच उघडायचं."

लेकीचा हात थांबला. मी तसेच राहिले, बंद. त्या बाईने तेव्हा पुराव्याचा विचार केला नव्हता. नवऱ्याचा एक नियम तिने पाळला, एवढेच. तोच नियम पाळायला पाळीप्रमुखाला पगार मिळत होता.

मग तिने मला हातात घेतले आणि कडीतला तो कोपरा पाहिला. बराच वेळ पाहिला. निळा दोरा सोमवारी संपला होता. मंगळवारी संध्याकाळी केलेल्या नव्या चिठ्ठ्या तिने नारिंगी दोऱ्याने शिवल्या होत्या आणि बुधवारी सकाळी त्या नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवल्या होत्या. कोपऱ्यावरची शिवण नारिंगी होती.

"आई," ती सासूला म्हणाली, "कुलूप लावलं होतं ह्यांनी."

"मला ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. "तो लहानपणी साखरेच्या डब्याला कुलूप लावायचा. मुंग्यांवर विश्वास नव्हता त्याचा." आणि ती पदरात तोंड खुपसून रडली.

पंधराव्या दिवशी कंपनीचा कल्याण अधिकारी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पातळ फाइल. घरी फिटरचा धाकटा भाऊही होता. अधिकाऱ्याने फाइलमधून एक धनादेश आणि एक कागद काढला. कंपनी माणुसकीच्या नात्याने ही रक्कम देत आहे, म्हणाला. इथे सही करायची, आणि शुक्रवारच्या आत, नाहीतर पुन्हा मंजुरी घ्यावी लागेल.

"तुमच्या खात्याचं नाव काय म्हणालात?" म्हातारीने विचारले.

"कल्याण, आजी."

"हां. ते केलंतच की आमचं."

अधिकाऱ्याने पेन पुढे केले. फिटरची बायको म्हणाली, "कागद ठेवून जा. वाचून सही करते."

"कागद ठेवता येणार नाही. गोपनीय आहे."

"माझ्या नवऱ्याबद्दलचा कागद माझ्यापासून गोपनीय?"

"पद्धत आहे, ताई. हवं तर इथेच, माझ्यासमोर वाचा."

म्हातारी उठली. "बसा, चहा टाकते. नाही म्हणू नका, आमच्याकडे आलेला माणूस कोरडा जात नाही." आणि तिने असा चहा केला की तसा कोणी आजवर केला नसेल. आधी दूध नव्हते, ते आणायला दीर गेला. मग साखर सापडेना. मग गाळणी हरवली. मधेच येऊन तिने अधिकाऱ्याला गुडघेदुखीवरचे औषध विचारले, त्याच्या आईची चौकशी केली, पगार विचारला. तेवढ्या वेळात लेक शिवणयंत्राच्या आड बसून वहीत तो कागद उतरवून घेत होती. 'तुमच्यासमोर वाचून दाखवायचाय ना, सराव करते,' असे तिने अधिकाऱ्याला सांगितले होते. चहा आला तेव्हा शेवटची ओळ लिहून झाली होती.

मग लेकीने तो कागद मोठ्याने वाचला. 'कामगाराचा मृत्यू त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला असून,' इथे तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही, 'वारसदार यापुढे कंपनी, तिचे अधिकारी वा अन्य कोणाविरुद्ध कोणताही दावा करणार नाहीत.'

"शाळेत एक मुलगी म्हणाली, तुझ्या बाबांचीच चूक होती," लेक वहीकडे पाहत म्हणाली. "तिचे काका तिथेच आहेत कामाला."

 अधिकाऱ्याने चहा अर्धा ठेवला.

तो गेल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, मी वाईट अर्थानं नाही म्हणत. पण शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?"

फिटरचा गुडघा दुखायचा आणि तो घरी येऊन त्या जिन्याला शिव्या द्यायचा. म्हणून बायकोला पायऱ्यांचा आकडा पाठ होता. ती म्हणाली, "त्या शहाण्यानं अठरा पायऱ्या चढून वर बघितलं असतं, भावजी, तर मला कोर्टाची एकही चढावी लागली नसती."

दुसऱ्या दिवशी मी कापडी पिशवीतून वकीलबाईंकडे गेले. कामगार कार्यालयातल्या कारकुनाने त्यांचे नाव सुचवले होते. त्यांची खोली एका छापखान्याच्या वर आहे. खाली यंत्र चालू झाले की टेबलावरचा पेला सरकतो. त्यांनी वहीतला कागद वाचला, यादी वाचली, मग मला रुमालात धरून उलटेसुलटे पाहिले.

"किल्ली लावलीत याला?"

"नाही."

"एकदाही?"

"त्यांचं कुलूप आहे. आम्ही कसं उघडणार?"

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुम्ही माझं निम्मं काम करून आलात." मग म्हणाल्या, "आता नीट ऐका. चार वाटा आहेत. मी तुम्हाला कुठली घ्या म्हणून सांगणार नाही. पण एक धरली की दुसरी बंद होऊ शकते, म्हणून आधी चारही बघा."

मी टेबलावर होते. जे ऐकले ते सांगते.

पहिली वाट नुकसानभरपाईच्या अर्जाची. माणूस कामावर असताना कामामुळे गेला, एवढे दाखवायचे. चूक कोणाची हा प्रश्न तिथे सहसा येत नाही. रक्कम वय आणि पगार पाहून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे मिळते. ती बायकोची, मुलीची आणि सांभाळाव्या लागणाऱ्या आईची असते. "आणि ती घरात आणून, चहा पिऊन द्यायची नसते," वकीलबाई म्हणाल्या. "सरकारी कार्यालयात भरायची असते. तो जी माणुसकी घेऊन आला होता ना, ती तुमचीच होती. वर तुमच्याकडून पावती म्हणून हक्क काढून घेणार होता."

दुसरी वाट दिवाणी दाव्याची. कंपनीच्या हलगर्जीपणामुळे माणूस गेला, असा दावा. तो सिद्ध करावा लागतो. वर्षे लागतात. हरलो तर हात रिकामे. जिंकलो तर चूक कोणाची हे न्यायालय लिहून देते.

तिसरी वाट बाहेरच्यांची. टाकीचे झाकण उघडे असताना मोटर सुरूच होऊ नये, अशी सोय यंत्रात असायला हवी होती. यंत्र बनवणाऱ्याने ती दिली नव्हती, की दिली होती आणि कोणी काढून टाकली? पहिले असेल तर त्याच्यावरही दावा होतो.

चौथी वाट फौजदारी, पोलीस आणि कारखाना निरीक्षकांची. "तिथे खटला सरकारचा. तुम्ही साक्षीदार. दंड झाला तर तो सरकारच्या तिजोरीत. पण त्यांचे पंचनामे आणि अहवाल आपल्याला बाकीच्या वाटांवर उपयोगी पडतात. म्हणून आजच लेखी तक्रार द्या, आणि पोच घ्या."

"घाई आहे का?" फिटरच्या बायकोने विचारले.

"प्रत्येक वाटेला मुदत आहे. मुदत दुःख बघत नाही. कंपनी मात्र बघते. तुम्ही सावरेपर्यंत ती निघून जावी, एवढीच तिची इच्छा असते."

"पहिली आणि दुसरी, दोन्ही नाही घेता येणार?"

"आपल्याकडे नाही. पहिलीत पैसे लवकर येतील, पण त्यात 'चूक कोणाची' हा प्रश्नच नाही. तो निष्काळजीपणाचा शब्द कंपनीच्या कागदावर तसाच राहील."

त्या रविवारी त्या दोन खोल्यांत चर्चा झाली. घरभाडे, शाळेची फी, म्हातारीची औषधे, सगळे बोलून झाले. दिराने पहिली वाट घ्या म्हणून कळवळून सांगितले. तो चुकीचे सांगत नव्हता. पुष्कळ घरांसाठी तीच वाट बरोबर असते, आणि तिच्यात कमीपणा काही नाही, असे वकीलबाईंनीही सांगितले होते. शेवटी म्हातारी म्हणाली, "पोटाचं आपण बघू. मी काजे-बटणं करीन. माझ्या पोराला त्यांनी निष्काळजी लिहिलंय. तेवढा शब्द खोडून आणा."

सून म्हणाली, "आई, वर्षं जातील."

"जाऊ देत. मला कुठं जायचंय?"

दुसरी वाट धरली. चौथीसाठी तक्रार दिली. मला निरीक्षकांच्या कार्यालयात दोन पंचांसमोर मोहोरबंद केले गेले. पाकिटावर लिहिले, 'बंद स्थितीत'. म्हातारीने त्यावर बोट ठेवून ते वाचून घेतले.

दीड वर्षात जे झाले ते थोडक्यात असे. निरीक्षकांच्या अहवालात एक वाक्य आहे, 'कारखान्यात कुलूपपद्धत अस्तित्वात आहे.' ते भिंतीवरचा फलक पाहून लिहिले आहे. झालं-काची बदली कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात झाली, एक पायरी वर. टाकी अकराव्या दिवशी सुरू झाली. तीस नवी कुलपे आली, त्यांचेही फोटो निघाले. दावा दाखल आहे. यंत्र बनवणाऱ्याने कळवले की झाकणाची सोय दिलेली होती. कंपनीने कळवले की ती कधीपासून बंद होती याची नोंद सापडत नाही. जुना कागद घुसळणाऱ्या कारखान्यात नोंद सापडत नाही, मित्रांनो. सापडणार कुठे?

नारिंगी दोऱ्याबद्दल कंपनीच्या वकिलाने फिटरच्या बायकोला उभे करून तासभर विचारले. दोरा कुठून घेतला, पावती आहे का, सोमवारी निळा संपला हे कशावरून. ती म्हणाली, "पावती नाही. पण तुमच्या कोटाच्या बाहीचं अस्तर पांढऱ्या दोऱ्यानं टाचलंय आणि खांदा काळ्यानं. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या हातांनी. शिवणाऱ्याला दिसतं ते." न्यायालयात हशा पिकला. न्यायाधीशांनी शांत राहायला सांगितले. पण हशा नोंदवला जात नाही. वकिलाचे म्हणणे नोंदवले गेले : साक्षीदार हितसंबंधी आहे. फिटरने चिठ्ठी लावून, कुलूप बंद करून, ते खटक्याला न लावताच पेटीत टाकले असावे.

असे कोण करतो? पण असावे.

म्हणून आता माझ्या पोटाची पाळी आली आहे. कुलपांचा एक तज्ज्ञ आहे. त्याचे म्हणणे, कारखान्यात बनलेली मूळ किल्ली खिट्ट्यांवर गुळगुळीत घासते आणि रस्त्यावर कापलेली खरवडते. मला मधोमध कापले, तर खिट्ट्यांवर एका किल्लीच्या खुणा आहेत की दोन किल्ल्यांच्या, हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगता येईल. वकीलबाईंनी तसा अर्ज दिला आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कथा संपवताना सांगतात, आमची काळजी घ्या, तेल घाला, गंजू देऊ नका. माझ्या बाबतीत ही विनंती कोणी केली, माहीत आहे? कंपनीच्या वकिलाने. गेल्या तारखेला तो उभा राहून म्हणाला की हे कुलूप अत्यंत महत्त्वाचा पुरावा आहे, ते कापल्याने त्याची कायमची हानी होईल, ते आहे तसे जपले पाहिजे. अकरा वर्षांत मला कोणी तेलाचा थेंब घातला नाही. माझी चिठ्ठी ज्यांनी फाडली, त्यांना आता माझी काळजी वाटते.

मला काळजी नको. खुशाल कापा. तुम्ही मात्र एवढे करा : कुठेही लाल कुलूप लटकलेले दिसले, तर हाक मारून भागवू नका. पायऱ्या चढा. आत पाहा. आणि तुमच्या हातात कधी दुसरी किल्ली आली, तर ती कोणाच्या जिवाची आहे हे विचारा.

न्यायाधीशांनी फिटरच्या बायकोला विचारले की कुलूप कापायला तिची हरकत आहे का. ती उठली. तिला ते जड गेले, हे मला पाकिटातूनही कळले. ती म्हणाली, "कापा. पण त्याआधी एकदा उघडायला हवं. आणि ते माझ्या घरच्या माणसानंच उघडायचं, त्यांच्याच किल्लीनं."

तज्ज्ञ म्हणाला की किल्ली लावली तर खुणा पुसट होऊ शकतात. कंपनीच्या वकिलाने त्याला लगेच दुजोरा दिला. वकीलबाईंनी दंडाला हात लावून तिला खाली बसवले. न्यायाधीशांनी कापण्याच्या आणि उघडण्याच्या, दोन्ही विनंत्यांवरचा निर्णय राखून ठेवला.

पुढची तारीख गुरुवारी, अकरा वाजता आहे. किल्ली लेकीच्या कंपासपेटीत आहे.

मी अजून बंद आहे.